ग्नूकोबॉल ३.२ : आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि कंपायलरकडून अजून काय हवे

ग्नूकोबॉल, म्हणजे कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचा मुक्त कंपायलर, पैशाचा हिशेब चोख करतो. पण हिशेब बिघडला तर तो बहुतेक वेळा गप्प बसतो. आठ महिने रोजच्या कामात वापरल्यावर ठाम झालेले मत हेच, आणि खालच्या बहुतेक सूचना याच एका तक्रारीतून निघाल्या आहेत.

वापर दोन ठिकाणचा. एक सोलापुरातली पतसंस्था: मुदत ठेवींचे व्याज, दैनिक बचत, पासबुक छपाई. दुसरा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरींचा कारखाना: नगावरची आठवड्याची मजुरी, सुताचा साठा, विक्रीची बिले. दोन्हीकडचे मूळ प्रोग्राम जुन्या कोबॉलमधले, नव्याने लिहिलेले थोडेच. कमांड आणि कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टंकताना रोमन अक्षरेच लागतील.

बसवतानाच एक गोष्ट सांभाळा. डेबियन आणि उबुंटूच्या काही आवृत्त्यांत नुसते ‘ग्नूकोबॉल’ हे पॅकेज मागितले की चौथ्या आवृत्तीचा विकासातला, २०२० चा तुकडा पदरात पडतो. आकडा मोठा म्हणून तो नवा वाटतो. प्रत्यक्षात २०२३ मध्ये आलेली ३.२ त्याच्यापेक्षा नवी आणि स्थिर आहे. ‘ग्नूकोबॉल३’ असे स्पष्ट नाव देऊन पॅकेज घ्या, मग ‘कोबसी --व्हर्जन’ने (कोबसी ही कंपायलरची कमांड) आकडा तपासा आणि ‘कोबसी --इन्फो’ने इंडेक्स्ड फाइलींसाठी (खाते क्रमांकासारख्या किल्लीने नोंद शोधता येणाऱ्या) बर्कली डीबी ही लायब्ररी जोडली आहे का ते पाहा. ती नसेल तर खातेदारांची मास्टर फाइल उघडतानाच अडेल. कंपायलर कोबॉलचे सी भाषेत रूपांतर करतो आणि पुढचे काम जीसीसी या सी कंपायलरवर सोपवतो, तेव्हा जीसीसीही मशीनवर असावा लागतो. साध्या ऑफिस-पीसीवर वेगाबद्दल तक्रार करावी असे काही आढळले नाही.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवेत म्हणून इतर भाषांत वेगळी लायब्ररी शोधत बसावे लागते. इथे छपाईच्या फील्डला (फील्ड म्हणजे माहितीचा एक कप्पा, ‘पिक’ म्हणजे त्याचा साचा) ‘पिक झेडझेड,झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९’ दिले की १२३४५६७८९ चे १२,३४,५६,७८९.०० होते. रक्कम लहान असेल तर पुढच्या शून्यांबरोबर त्यांच्यातले स्वल्पविरामही आपोआप गळतात. १९५९ साली ज्यांनी ही भाषा आखली त्यांच्यासमोर आपले लाख-कोटी नव्हते, पण स्वल्पविराम कुठे यायचा हे त्यांनी प्रोग्रामरच्या हाती ठेवले आणि आपले काम झाले. दुसरे म्हणजे रक्कम दशांशातच राहते. ०.१० दहा वेळा मिळवले की बरोबर १.०० येतो, बायनरी अपूर्णांकाची धूळ मागे राहत नाही. मधल्या आकडेमोडीसाठी कंपायलर जीएमपी ही मोठ्या आकड्यांची लायब्ररी वापरतो, त्यामुळे गुणाकार कितीही लांबला तरी मध्येच अंक गळत नाहीत.

आता गप्प बसण्याचे उदाहरण, जवळून पाहू.

५०,००० रुपयांची ठेव, दर ९ टक्के, व्याज ३१ मार्च २०२४ पर्यंतचे. दिवस काढायला ‘इंटिजर-ऑफ-डेट’ हे फंक्शन आहे. ते १ जानेवारी १६०१ ला पहिला दिवस धरून कोणत्याही तारखेचा अनुक्रमांक देते, आणि दोन अनुक्रमांकांची वजाबाकी म्हणजे दिवस. ठेवीची तारीख २०२३०२२८ असेल तर ३९७ दिवस भरतात आणि ३६५ दिवसांच्या वर्षाने व्याज ४,८९४.५२ होते. नोंद करताना कुणी चुकून २०२३०२२९ टाकले, तर अशी तारीखच अस्तित्वात नाही. फंक्शन अशा वेळी थांबत नाही, शून्य परत करते. ३१ मार्च २०२४ चा अनुक्रमांक १,५४,५८८. त्यातून शून्य वजा केले की दिवस १,५४,५८८ आणि व्याज १९,०५,८७९.४५.

एवढा आकडा यादीत दिसला असता तर कुणीही दचकले असते. पण व्याजाचे फील्ड जुन्या प्रोग्राममध्ये ‘पिक ९(५)व्ही९९’ आहे, म्हणजे रुपयांचे पाच अंक. ‘ऑन साइझ एरर’ (उत्तर न मावल्यास काय करायचे ते सांगणारे कलम) लिहिलेले नाही. म्हणून डावीकडचे अंक निमूटपणे कापले जातात आणि फील्डमध्ये उरतात ५,८७९.४५. खऱ्या व्याजापेक्षा हजारभर रुपये जास्त, आणि दिसायला अगदी साजूक. दोन चुका एकमेकींवर पांघरूण घालतात. ऑडिटरच्या नजरेतूनही असा आकडा सहज निसटतो, कारण त्यात विचित्र असे काही दिसतच नाही.

यावर आजच्या घडीला करता येण्याजोगे उपाय तीन. तारीख फाइलीत जाण्याआधी ‘टेस्ट-डेट-वायवायवायवायएमएमडीडी’ फंक्शनमधून काढायची: शून्य आले तर तारीख ठीक, १ म्हणजे वर्ष चुकले, २ म्हणजे महिना, ३ म्हणजे दिवस. पैशाच्या प्रत्येक ‘कॉम्प्यूट’ला (आकडेमोडीच्या विधानाला) ‘ऑन साइझ एरर’ आणि ‘एंड-कॉम्प्यूट’ लावायचे. तिसरा उपाय ३.२ मुळे शक्य झाला. त्यात ‘टाइपडेफ’ आला आहे, म्हणजे ‘रक्कम’ असा एकच प्रकार कॉपीबुकमध्ये (अनेक प्रोग्रामांत ओढल्या जाणाऱ्या सामाईक फाइलीत) ‘एस९(११)व्ही९९ कॉम्प-३’ (एका बाइटमध्ये दोन अंक) म्हणून ठरवता येतो. तेरा अंक आणि चिन्ह मिळून फक्त ७ बाइट लागतात. रुंदी बदलायची झाली तर एकाच जागी बदलते. मात्र फाइलीतल्या रेकॉर्डची लांबीही तिच्याबरोबर बदलते, तेव्हा जुनी फाइल नव्या मापात उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम त्याच दिवशी तयार ठेवा.

कंपायलरकडे मागणी अशी. ज्या आकडेमोडीचे उत्तर तिच्या फील्डात न मावण्याची शक्यता आहे आणि जिला ‘ऑन साइझ एरर’ नाही, तिथे इशारा मिळावा. दोन्ही बाजूंच्या फील्डांची मापे कंपायलरला माहीत असतात. तीन फील्डांच्या गुणाकारात जास्तीत जास्त किती अंक येतील हे तो बेरीज करून सांगू शकतो. याच्या पुढे जाऊन भाषेनेच ‘टाइपडेफ’ला दोन गुण जोडू द्यावेत: अंक मावला नाही तर प्रोग्राम थांबवायचा की नाही, आणि पूर्णांकन कसे करायचे. मग शिस्त प्रत्येक ओळीत आठवणीने पाळावी लागणार नाही, ‘रक्कम’ या शब्दातच ती येईल.

पूर्णांकनाचे एवढ्यासाठीच म्हटले की ‘राउंडेड’ लिहिले नाही तर जादा पैसे कापले जातात. १,२३५.४० च्या टॉवेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा २.५ आणि राज्याचा २.५. अर्धा कर ३०.८८५ होतो. ‘राउंडेड’ नसेल तर ३०.८८, असेल तर ३०.८९, आणि ‘राउंडेड मोड इज निअरेस्ट-इव्हन’ दिले तर पुन्हा ३०.८८. दोन भागांची बेरीज ६१.७६ किंवा ६१.७८, पण सरळ ५ टक्के काढले तर ६१.७७. कोणती पद्धत धरायची हे हिशेबनिसाने ठरवावे. प्रोग्रामच्या निम्म्या ओळींत ‘राउंडेड’ आणि निम्म्यांत नाही, अशी स्थिती मात्र जुन्या कोडमध्ये हमखास सापडते. ‘राउंडेड’चा शोध घेऊन नसलेल्या ओळींची यादी काढणे हे हस्तांतराचे पहिले काम समजा.

मेनफ्रेमवरून (मोठ्या संस्थांच्या केंद्रीय संगणकावरून) आलेला प्रोग्राम असेल तर एका पैशाचे फरक दुसऱ्याही कारणाने पडतात: मधल्या भागाकारात किती दशांश ठेवायचे याचे नियम तिथे वेगळे असतात. आयबीएमच्या जुन्या ओएस-व्हीएस कोबॉलच्या पद्धतीशी जुळवून घ्यायला ‘एफ-अरिथमेटिक-ओएसव्हीएस’ हा पर्याय आहे, पण तो अचूकता कमी करतो. आधी गुणाकार आणि शेवटी एकच भागाकार असे सूत्र लिहिले तर बहुतेक ठिकाणी त्याची गरज पडत नाही.

बाहत्तरावा स्तंभ. नव्या मुलांना हे पटवून द्यावे लागते, पण कंपायलरची मूळ मांडणी अजूनही पंच कार्डाची आहे: पहिले सहा स्तंभ क्रमांकासाठी, सातवा खुणेसाठी, ८ ते ७२ मध्ये कोड, आणि ७३ पासून पुढचे सगळे दुर्लक्षित. व्याजाच्या सूत्रातला ३६५०० हा आकडा सत्तराव्या स्तंभावर सुरू झाला तर ३६५ आत राहतात आणि दोन शून्ये बाहेर पडतात. पुढच्या ओळीवर ‘एंड-कॉम्प्यूट’ असेल तर वाक्यरचना बिनचूक, कंपाइल बिनचूक, आणि व्याज शंभरपट. हे पकडणारा इशारा आहे, ‘डब्ल्यू-कॉलम-ओव्हरफ्लो’. पण तो ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये येत नाही, वेगळा मागावा लागतो. ‘सगळे इशारे’ असे नाव असलेल्या पर्यायात हा नसावा हे पटत नाही.

तो बाहेर ठेवण्यामागचे कारण मात्र समजते. जुन्या प्रोग्राममध्ये ७३ ते ८० स्तंभांत बदलाच्या खुणा लिहिलेल्या असतात, कुणाची आद्याक्षरे, कुठला महिना. इशारा चालू केला की अशी प्रत्येक ओळ ओरडते आणि खरी चूक त्या गोंगाटात हरवते. सूचना सोपी आहे: ७२ आणि ७३ हे दोन्ही स्तंभ भरलेले असतील, म्हणजे शब्द किंवा आकडा रेषेवर चिरला जात असेल, तेव्हाच इशारा द्या. खुणेच्या आधी जवळजवळ नेहमी मोकळी जागा असते, त्यामुळे त्या ओळी आपोआप वगळल्या जातील. एवढा बदल झाला तर हा इशारा बेलाशक मुळातच चालू ठेवता येईल. तोवर नवे प्रोग्राम ‘-फ्री’ (स्तंभांचे बंधन नसलेल्या) मांडणीत लिहा आणि जुन्यांवर हा इशारा एकदा तरी चालवून यादी डोळ्यांखालून घाला.

पूर्णविरामाचा घोळही याच जातीचा. ‘इफ’च्या आत तीन ओळी आहेत आणि दुसरीच्या शेवटी कुणीतरी टिंब दिले, तर ‘इफ’ तिथेच संपतो आणि तिसरी ओळ प्रत्येक खात्यावर चालते. किमान शिल्लक नसलेल्यांचा दंड सरसकट सगळ्यांच्या खात्याला लागण्यासाठी एवढे टिंब पुरते. ‘डब्ल्यू-टर्मिनेटर’ हा इशारा ‘एंड-इफ’ नसलेली ठिकाणे दाखवतो. तोही ‘डब्ल्यू-ऑल’च्या बाहेर. प्रोसिजर डिव्हिजनमध्ये (प्रोग्रामच्या विधानांच्या भागात) टिंब फक्त परिच्छेदाच्या शेवटी, एकटे, स्वतंत्र ओळीवर, हा नियम पाळला की हा प्रकार मुळातूनच संपतो.

आणि नेमके उलट, टिंब राहून गेले की चूक भलत्याच ओळीवर दाखवली जाते. टिंब विसरले डेटा डिव्हिजनमध्ये (फील्डांच्या व्याख्यांच्या भागात), तक्रार पुढच्या ओळीवरच्या शब्दाची. ‘अनपेक्षित शब्द’ एवढेच म्हणण्याऐवजी ‘मागच्या वाक्याला पूर्णविराम राहिला का पाहा’ असे सुचवले तर शिकाऊ माणसाचा अर्धा दिवस वाचेल. राखीव शब्दांबाबतही तेच. ‘अॅड्रेस’ किंवा ‘सीओएल’ (स्तंभ या अर्थाचा) हा शब्द फील्डचे नाव म्हणून वापरला की गोंधळात टाकणारी वाक्यरचनेची चूक येते. ‘एफ-नॉट-रिझर्व्ह्ड’ देऊन शब्द मोकळा करता येतो, पण हा पर्याय आहे हे त्या संदेशातच लिहिलेले असावे.

देवनागरीकडे वळतो. इथे आपल्याकडच्या वापरणाऱ्यांची खरी अडचण आहे, आणि ती आपणच नीट मांडली पाहिजे.

‘पिक एक्स’ अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-मात्रा धरून. ‘सोलापूर’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण चिन्हे ७ आणि बाइट २१. गावाचे फील्ड ‘पिक एक्स(२०)’ असेल तर शेवटच्या ‘र’चा तिसरा बाइट कापला जातो. छापताना त्या जागी चौकोन उमटतो, आणि तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिली तर तुटक्या बाइटमुळे अख्खी फाइल नाकारली जाऊ शकते. कारखान्याच्या हजेरीपटावर पद्मशाली समाजातली नावे भरपूर. ‘श्रीनिवास’ म्हणजे ९ चिन्हे, २७ बाइट. नुसत्या नावाला एवढे, आडनाव आणि वडिलांचे नाव वेगळेच. कॉलमही सरळ राहत नाहीत, कारण उजवीकडची मोकळी जागा बाइटच्या हिशेबाने भरली जाते.

‘पिक एन’ (युनिकोड अक्षरांसाठीचा ‘नॅशनल’ प्रकार) वापरून पाहू असे वाटेल. कंपायलर स्वतःच इशारा देतो की नॅशनल प्रकाराचे काम अपुरे आहे आणि पुढे बदलण्याची शक्यता आहे. इथे तो गप्प बसत नाही हे चांगलेच. पण हिशेबाच्या फाइलीत तो प्रकार ठेवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

सध्याची वाट अशी. नावाचे फील्ड चिन्हांच्या तिप्पट ठेवा, ३० चिन्हांना ९० बाइट. कापायचे असेल तर कापण्याच्या जागेनंतरचा पहिला बाइट तपासा: तो हेक्स (सोळा-आधारित आकड्यांत) ८० ते बीएफ यांच्यात असेल तर आपण चिन्हाच्या मध्ये आहोत, एकेक बाइट मागे या. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट ई० असतो, तिथे थांबा. एवढे करूनही ‘सो’मधली मात्रा सुटून नुसता ‘स’ उरू शकतो; त्यासाठी पुढचे चिन्ह मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आहे का हेही पाहावे लागते. मापन आणि कापणी यांसाठी एकच सबप्रोग्राम लिहून सगळीकडे तो ‘कॉल’ करा.

क्रम लावताना आणखी एक खोच आहे. ‘सॉर्ट’ बाइटच्या क्रमाने चालतो, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो. परिणामी खातेदारांच्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात. आपण शोधतो त्याच्या उलट. ‘अल्फाबेट’ कलमाने क्रम बदलता येतो, पण तो एकेका बाइटचा, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. मागणी मोठी नाही: चिन्हे मोजणारे एक फंक्शन, सुरक्षित कापणारे दुसरे, आणि ‘सॉर्ट’ला मराठी क्रम देण्याची सोय. या तीन गोष्टी मिळाल्या तर सोलापूरच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या पतसंस्थेची यादी देवनागरीत नीट निघेल.

पासबुक छपाईत ३.२ ने एक नवाच प्रश्न आणला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला बारीक अक्षरांसाठी हेक्स ०एफ पाठवतात, नेहमीच्या अक्षरांवर परत यायला १२. हे संकेत ‘लाइन सिक्वेन्शियल’ (ओळीओळीच्या साध्या मजकुराच्या) फाइलीत ओळीच्या सुरुवातीला लिहिण्याची पद्धत सर्रास आहे. ३.२ अशा फाइलींत मजकुराची तपासणी करतो आणि मोकळ्या जागेपेक्षा खालचे संकेत सापडले की साध्या ‘राइट’ला ७१ ही स्थिती (चुकीचा क्रमांक) देतो. प्रोग्राममध्ये ‘फाइल स्टेटस’ (ही स्थिती साठवणारे फील्ड) जाहीर केलेला आहे पण नंतर तपासलेला नाही, अशी जुनी सवय असेल तर ओळ लिहिली जात नाही आणि प्रोग्राम पुढे जातो. पासबुकात नोंद गायब. उपाय: रनटाइम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉब_एलएस_व्हॅलिडेट’ खोटे (फॉल्स) करा, पण फक्त छपाईच्या प्रोग्रामपुरते. आकड्यांच्या फाइलींना ही तपासणी हवीच, न भरलेल्या फील्डातले शून्य बाइट तिनेच पकडले जातात. हा पर्याय फाइलनिहाय देता आला पाहिजे. सगळ्या प्रोग्रामला एकच नियम हे गैरसोयीचे आहे.

जेसन या माहिती-देवाणघेवाणीच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात: ‘जेसन जनरेट’ चालते, उलट दिशेचे ‘जेसन पार्स’ नाही. बाहेरून आलेली माहिती पायथनमधून ठराविक लांबीच्या ओळींत उतरवून मग कोबॉलला द्या. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती) ‘अनस्ट्रिंग’ने वाचता येते, पण पत्त्यात अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम आला की पुढची सगळी फील्डे एकेक घर सरकतात.

मार्चअखेरच्या तयारीसाठी एक सोय मनापासून आवडली. ‘कॉब_करंट_डेट’ या व्हेरिएबलमध्ये तारीख दिली की प्रोग्राम तीच आजची तारीख मानतो, मशीनचे घड्याळ हलवावे लागत नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन्ही तारखांनी व्याज आकारणी चालवून जुन्या यादीशी पडताळता येते. फेब्रुवारीची २८ आणि २९ हीसुद्धा घाला.

चाचणीच्या काळात सगळे प्रोग्राम ‘-डीबग’ आणि ‘एफ-डम्प=ऑल’ लावून कंपाइल करा. पहिल्यामुळे अंकांच्या फील्डात मोकळी जागा शिरली तर फील्डच्या नावासह प्रोग्राम थांबतो, टेबलच्या बाहेरचा अनुक्रमांकही पकडला जातो. दुसऱ्यामुळे थांबल्या क्षणी प्रत्येक फील्डात काय होते ते मिळते. प्रत्यक्ष कामातही ‘-डीबग’ काढू नका. थोडा वेग जातो, पण रात्रीच्या आकारणीला पाच मिनिटे जास्त लागली म्हणून कुणाचे काही अडत नाही.

विकसकांकडे मागणीचा क्रम लावायचा झाला तर आमचा असा: आधी साइझ एररचा इशारा, मग बाहत्तराव्या स्तंभाचा सुधारलेला नियम, मग देवनागरीची तीन फंक्शने. पहिल्या दोघांसाठी भाषेचे मानक बदलावे लागत नाही, आणि कंपायलरकडे लागणारी सगळी माहिती आजच हाताशी आहे. सूचना पाठवताना सोबत दहा-पंधरा ओळींचा, स्वतंत्रपणे कंपाइल होणारा प्रोग्राम, वापरलेले पर्याय, ‘कोबसी --इन्फो’चे उत्तर आणि अपेक्षित आकडा जोडा. वरचे ५०,००० रुपयांच्या ठेवीचे उदाहरण त्यासाठी जसेच्या तसे चालेल: अपेक्षित ४,८९४.५२, मिळाले ५,८७९.४५, इशारे शून्य.